राहणाऱ्यांचं गाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला हाताला धरून शाळेत आणलं. जून लागला की ते छत्री घेऊन वाडीवाडीत फिरायचे. पटावर नाव नसलेलं पोर दिसलं की आईबापांशी बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर वर्गात असायचं. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि जूनमध्ये त्यांच्यासारखीच वाड्यांतून फिरू लागले. त्यांच्या काळात मुलं गुरांमागे गेलेली असायची, म्हणून शोधावी लागत. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शोधायला मुलंच उरली नव्हती.

फेब्रुवारी २०११मधला एक दिवस मला विसरता येत नाही. जनगणनेचं काम होतं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत मी घरोघर जात होते. एक घर, कुलूप. दुसरं घर, कुलूप. तिसऱ्या घरापुढे मी कागदावर ‘बंद’ अशी नोंद करत होते, तेवढ्यात शेजारच्या पडवीतून एक म्हातारी म्हणाली, “बाय, बंद कशाला लिवतस? मानसा मुंबयला हायत. गनपतीला येतील सगली.”

तिच्या लेखी ते घर चालतं होतं. सरकारच्या लेखी तिथे कोणी नव्हतं. या दोन हिशेबांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे. सरकारने गावासाठी पुष्कळ केलं. रस्ते केले, रेल्वे आणली, झाडं लावली. पण गावात राहणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून धोरण असं कधी आखलं नाही. आणि राहणारं माणूस गेलं, तर गाव म्हणजे काय उरतं? डोंगर उरतो, नदी उरते, देऊळ उरतं. गाव उरत नाही.

आधी कोकणातल्या आमच्या दोन जिल्ह्यांचे आकडे पाहू. थोडेच सांगते, पण ते लक्षात ठेवावेत असे आहेत.

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९६ हजार ७७७. २०११ साली ती झाली १६ लाख १५ हजार ६९. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आला. दहा वर्षांत दोन्ही जिल्हे मिळून एक लाखाहून अधिक माणसं कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. घरटी मुलं कमी झाली, हेही घटीचं एक कारण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते सगळ्या राज्यातच घडलं. इथलं घर मुळासकट उठलं, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती मला फार बोलकी वाटते. त्या दशकात राज्यात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई शहर म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जुना भाग. त्यातच परळ-लालबागचं गिरणगाव! आमचा चाकरमानी जिथून निघाला तो जिल्हा घटला, आणि जिथे जाऊन राहिला तो जिल्हाही घटला. मग माणसं गेली कुठे? त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याकडे पाहा. ८१ लाखांवरून तो १ कोटी १० लाखांवर गेला. नालासोपारा, विरार, डोंबिवली, दिवा. आज सभागृहात बसलेल्यांपैकी क्वचितच कोणी असेल, ज्याचा भाऊ किंवा पुतण्या यांतल्या एका गावी नाही.

हे कसं झालं? माणसं मुंबईला जायला लागली ती हौसेनं नाही. आमच्याकडे खोती होती. जमीन कसायची आणि वाटा खोताला द्यायचा. डोंगरउताराची जमीन, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांना मजूर पुरवणारा सर्वांत मोठा मुलूख रत्नागिरी ठरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. तोवर दोन पिढ्यांना मुंबईची सवय झाली होती.

पण त्या काळी माणूस गेला तरी घर गावातच राहत होतं, हे आपण विसरतो. पुरुष गिरणीत, बाई गावात. तो दहा बाय बाराच्या खोलीत आणखी पंधरा जणांसोबत झोपायचा आणि दर महिन्याला मनिऑर्डर धाडायचा. त्या पैशावर शेत पेरलं जाई, घर शाकारलं जाई, मूल शाळेत जाई. २०११ची जनगणनासुद्धा याची साक्ष देते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६, आणि सगळ्या राज्यात ९२९. कोकणातलं गाव बाईने धरून ठेवलं, हे वाक्य आपण भाषणात म्हणतो. इथे ते आकड्यात लिहिलेलं आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांचं काम कायमचं गेलं. गिरणीची खोली सुटली, आणि उपनगरापलीकडे लहानशी सदनिका आली. त्या सदनिकेत बाई गेली. बाई गेली की मुलं गेली. मुलं गेली की मनिऑर्डर थांबली, कारण ती घ्यायला गावात कोणी उरलं नाही. कुलूप लागलं ते त्या दिवशी.

आता दुसरा मुद्दा. आपण सगळे म्हणतो, गावात काम नाही म्हणून माणूस जातो. मी पस्तीस वर्षं हेच म्हणत आले. पण हे पुरेसं खरं आहे का?

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली. वरकस डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेली काजूची कलमं घराघरांत पोचली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते कोकणासाठी आखलेलं ते सर्वांत यशस्वी धोरण होतं, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण आज त्या बागेत जाऊन पाहा. राखण कोण करतं? नेपाळहून आलेलं कुटुंब. चिऱ्याच्या खाणीवर कोण आहे? बरेचसे कर्नाटकातून आलेले मजूर. माझ्या शाळेच्या शेवटच्या पटावर अकरा मुलं होती, त्यातली तीन नेपाळी. फार गोड मराठी बोलायची.

मग काम नाही असं कसं म्हणायचं? काम आहे. दूर नेपाळातून माणूस येऊन करतो इतकं काम आहे. पण योजनेने झाड मोजलं, हेक्टर मोजलं, जगलेल्या रोपांची टक्केवारी मोजली. त्या झाडाखाली कोणी राहायला आलं का, हे मोजलं नाही. कोकण रेल्वेचंही तेच. २६ जानेवारी १९९८ला सबंध मार्ग खुला झाला, आणि तो अभिमानाचा दिवस होता. येणं सोपं झालं. पण जाणंही तितकंच सोपं झालं. रस्ता माणसाला थांबवत नसतो. थांबवतं ते रस्त्याच्या शेवटी असलेलं काहीतरी. शाळा, दवाखाना, हक्काची जमीन, उद्याची खात्री.

तिसरा मुद्दा निकषांचा आहे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गावाची खरी गळती मला इथे दिसते.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सेवा माणसांच्या संख्येवर ठरते. सपाट प्रदेशात प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार वस्तीला, डोंगराळ भागात २० हजारांना. उपकेंद्र ५ हजारांना, डोंगराळ भागात ३ हजारांना. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचा निधी ठरवताना नव्वद टक्के भार लोकसंख्येवर ठेवला आणि दहा टक्के क्षेत्रफळावर. हे न्याय्य वाटतं, आणि वाढत्या गावाला ते न्याय्य आहेही. पण घटत्या गावाचं काय? आमचं एक गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. माणसं निम्मी झाली म्हणून वाडीचा रस्ता निम्मा होतो का? नळाची वाहिनी निम्मी होते का? विजेचे खांब कमी होतात का? गावाचा खर्च तेवढाच राहतो आणि हाती येणारा पैसा आटतो. सेवा आटली की आणखी एक घर उठतं. घर उठलं की सेवा आणखी आटते.

हे चक्र माणसाच्या आवाजापर्यंत पोचतं. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. तोवर रत्नागिरी जिल्ह्यातून विधानसभेत सात आमदार जात. आता पाच जातात. खेड आणि संगमेश्वर या नावांचे मतदारसंघच राहिले नाहीत. लोकशाहीत लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी, हे तत्त्व मला मान्य आहे. पण ज्यांची संख्या घटते त्यांचा आवाजही घटतो, तेव्हा त्यांची बाजू मांडणारं दुसरं काही तरी हवं की नको?

आणि शाळा. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार २०२३ साली पुढे आला. मी शिक्षिका आहे. पाच मुलांच्या वर्गात मुलाला सवंगडी मिळत नाही, खेळ होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत कबूल केली आहे, ती उगाच नाही. श्रावणातला पऱ्या ओलांडून सहा वर्षांचं मूल तीन किलोमीटर जाणार कसं? गाडी ठेवू म्हणतात. गाडी दोन वर्षं येते, मग डिझेलचं बिल अडतं. आणि ज्या दिवशी शाळा बंद होते, त्या दिवशी वाडीतली शेवटची तरुण आई आपलं सामान बांधते. शाळेत किती मुलं आहेत हे मोजणं सोपं आहे. शाळा आहे म्हणून किती घरं थांबली आहेत, हे कोण मोजतं?

चौथा मुद्दा जमिनीचा. इथे मी माझ्या घरातलीच गोष्ट सांगते.

माझे धाकटे दीर गावात राहिले. घरचा वरकस पडून होता, तिथे काजू लावावा असं त्यांनी ठरवलं. सरकारी अनुदानासाठी सातबारा काढला. सामायिक सातबारा, सत्तावीस नावं. प्रत्येकाचं संमतीपत्र हवं. दीर मुंबईला गेले. एका चुलत भावाकडे चहा झाला, सही झाली. दुसऱ्याकडे जेवण झालं, सही झाली नाही. तो म्हणाला, “उद्या तू जमीन बळकावलीस तर?” तीन नावं वारलेल्या माणसांची, त्यांच्या वारसांची नोंदच नाही. दोघी बहिणी लग्न होऊन कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नाही. दोन पावसाळे गेले. काजू लागला नाही. दिरांचा मुलगा आता पनवेलला आहे.

यात कोणी दुष्ट नव्हतं. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं, पण त्यालाही सगळ्या हिस्सेदारांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. बरं, मग मुंबईकराने ती जमीन राहणाऱ्याला मुदतीवर कसायला द्यावी? तो भितो. कूळ लागेल म्हणून भितो. कूळकायदा हा माझ्या लेखी महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या सुधारणांपैकी एक आहे. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक केलं, आमच्या वाडीतल्या कित्येक घरांना माणसात आणलं. पण आज मालक गैरहजर, कसू इच्छिणारा भाऊ हजर, आणि मध्ये ती जुनी भीती. शेत पडीक. पडीक शेतात रान माजतं, रानात डुकरं येतात, माकडं येतात, आणि शेजारी जो एकटा भात लावतो त्याचंही पीक जातं. एक घर बंद झालं की त्याची झळ शेजारच्या चालत्या घराला लागते, ती अशी.

आणि या सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधा. हजारामागे ११२२ म्हणून मी आत्ता तिचा गौरव केला. भात तिने लावला, गुरं तिने राखली, सासूसासरे तिने सांभाळले. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभी केली आणि नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून गावोगाव हाक दिली. ती हाक आमच्या कोकणाने पुरेशी ऐकली नाही. आज लग्नाची बोलणी होतात तेव्हा मुलीकडचे विचारतात, मुंबईत खोली आहे का? आपण त्या मुलीला नावं ठेवतो. मी ठेवत नाही. जिथे आपल्या आईच्या नावावर चार गुंठेसुद्धा नव्हते, बाळंतपणासाठी तालुक्याला धावावं लागलं आणि शाळा बंद पडली, तिथे तिने का राहावं? गाव टिकवायचं असेल तर हा प्रश्न तिला विचारून भागणार नाही. तो धोरणाला विचारला पाहिजे.

जगात कोणी असा विचार केला आहे का? केला आहे. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला फिनमार्क नावाचा मुलूख आहे. बर्फाचा, अंधाराचा, आणि जिथून माणसं दक्षिणेकडे निघून जातात असा. १९९० साली तिथल्या सरकारने ठरवलं की जो इथे राहून काम करील, त्याच्या शैक्षणिक कर्जाचा दहा टक्के भाग, ठरलेल्या मर्यादेत, दरवर्षी माफ. आयकर कमी. मालकाने कामगारापोटी भरायचा कर शून्य. कारखाना आला की नाही, हा प्रश्नच नाही. माणूस राहतो की नाही, एवढंच. तिथे लोकसंख्या भरभरून वाढली असं नाही. पण तो मुलूख ओस पडला नाही, सरकारं बदलली तरी धोरण तीन दशकांहून अधिक टिकलं. आपल्या देशात उत्तराखंडने २०१७ साली पौडीला पलायन आयोग नेमला आणि गावनिहाय कारणं नोंदवायला घेतली. पौडी आणि अल्मोडा हे जिल्हेही २०११ला आमच्यासारखेच घटले होते. निदान तिथे दुखणं काय ते लिहून तरी काढलं.

मग आपण काय मागायचं? मी चार गोष्टी सांगते.

पहिली. घटत्या गावाच्या सेवा डोक्यांवर न ठरवता अंतरावर आणि वेळेवर ठरवा. शाळा किती पावलांवर, दवाखाना किती मिनिटांवर. दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत, ही मोठी गोष्ट आहे. तिथे शिकलेली परिचारिका आणि डॉक्टर वाडीच्या उपकेंद्रात राहतील, असं काही करा. फिनमार्कसारखं त्यांचं शिक्षणाचं कर्ज माफ करा.

दुसरी. सामायिक सातबाऱ्यावर जो हिस्सेदार प्रत्यक्ष राहतो आणि कसतो, त्याला पीक, बाग आणि अनुदान यांपुरता हक्क द्या. मालकी सगळ्यांची राहू दे. मुदतीचा लेखी भाडेपट्टा कायद्याने सुरक्षित करा. मालकाची जमीन जाणार नाही आणि कसणाऱ्याची मेहनत बुडणार नाही.

तिसरी. जिथे बाई राहते आणि कसते, तिथे तो हक्क तिच्या नावाने द्या. अनुदान तिच्या खात्यात, वन्यप्राण्यांच्या नुकसानीची भरपाई तिच्या खात्यात.

चौथी. गावात नव्याने आलेल्या माणसाला गावकरी समजा. माझ्या पटावरची ती तीन मुलं इथेच लहानाची मोठी झाली. त्यांच्या घरच्यांना इथे कायम राहावंसं वाटलं, तर आपण त्यांना काय सांगणार आहोत? लोकसंख्या टिकवणं म्हणजे गेलेल्यांना बोलावणं, एवढाच अर्थ नाही. आलेल्याला जागा देणं हाही आहे.

या चारही मागण्यांमागे एकच कसोटी आहे. कोकणासाठी जी योजना येईल, तिला विचारायचं, हिच्यामुळे इथे राहणारं एक तरी घर वाढेल का? रस्त्याला विचारा, बंदराला विचारा, पर्यटनाला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर स्वागत. उत्तर देता येत नसेल तर ती योजना कोकणातून जाणारी आहे, कोकणासाठी असलेली नाही.

२०२१ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा मोजणीचा संदर्भ दिवस आहे. कोणीतरी तरुण शिक्षिका हातात मोबाइल घेऊन त्याच वाडीत जाईल. ज्या म्हातारीने मला ‘बंद’ लिहू दिलं नाही, तिच्या पडवीला आता कुलूप आहे. त्या शिक्षिकेला अडवायला तिथे कोणी नसेल.

म्हणून शेवटी पुन्हा गुरुजींकडे येते. पट घसरला, तेव्हा शाळा बंद करावी असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. पट घसरला की ते छत्री उघडायचे आणि वाडीची वाट धरायचे. प्रत्येक घरी थांबायचे, विचारायचे, अडचण काय आहे? कोणाला पाटी हवी असे, कोणाच्या गुरांना राखणारा हवा असे. ती अडचण ते सोडवायचे आणि मूल घेऊन यायचे. गावाचा पट घसरला आहे. सरकारकडे माझं मागणं एवढंच आहे, की त्याने गुरुजींसारखं वाडीत यावं, आणि जे अजून राहतात त्यांच्या पडवीत बसून विचारावं, तुम्हाला राहता यावं म्हणून काय हवं?